लाल पट्टीची खोकी

१

कुलूप शाबूत होतं, जाळी शाबूत होती आणि आत काही नव्हतं.

गोदामाच्या टोकाला, उंच मांडण्यांच्या मागे, लोखंडी जाळीचा एक कप्पा होता. त्यात लाल पट्टीची खोकी असायची आणि खोक्यांत श्वासयंत्राला लागणारे व्हॉल्व्ह, मुठीत मावतील एवढे. यंत्र कितीही महागाचं असो, हा व्हॉल्व्ह गेला की ते नुसतं लोखंड. जगात तो एकाच कारखान्यात बनायचा आणि मागवला की हातात पडायला महिने लागायचे. म्हणून कंपनीने तीन खंडांत तीन गोदामं ठेवली होती आणि तिन्हींत अडीअडचणीसाठी राखीव साठा. लोक त्यांना उगवतीचं, मधलं आणि मावळतीचं म्हणत. हे मधलं.

मंगळवारी इस्पितळाचा माणूस धापा टाकत दारात आला. गोदामाच्या प्रमुखाने, ज्याला झाडून सगळे भाऊ म्हणत, जाळी उघडली आणि तो रिकाम्या फळ्यांकडे बघत उभा राहिला. आजारी माणूस गवंडी होता, घरात दोन लहान मुली. दुसरीकडून व्हॉल्व्ह मिळाला तेव्हा त्याची गरज उरली नव्हती.

गंमत म्हणजे ऑफिसातल्या पडद्यावर तो साठा भरलेला होता. बुधवारी सकाळीही भरलेलाच होता.

चौकशी तपासणीबाईंकडे आली. कंपनीच्या अंतर्गत तपासणी खात्यात त्यांचे केस पिकले होते. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'चिमटा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्यांना बोलावलं होतं आराखडेसाहेबांनी. दूरच्या मुख्यालयातून ते रातोरात विमानाने आले होते आणि काचेच्या खोलीत भिंतीवरच्या भल्यामोठ्या नकाशाखाली बसले होते. तो नकाशा त्यांचाच, देशांचा नव्हे, कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणारा, चौकटींचा आणि रेषांचा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कंपनीची सगळी पुरवठा साखळी नव्याने आखली. त्याआधी एका गोदामाचा एक साहेब असायचा आणि चूक झाली की शिव्या कुणाला घालायच्या ते कळायचं. आता प्रत्येकाला दोन साहेब होते, एक जाड रेषेचा आणि एक तुटक रेषेचा. जाड रेषेचा पगारवाढ ठरवायचा, तुटक रेषेचा फक्त झोप उडवायचा.

"ही व्यवस्था मी मुद्दाम अशी आखली आहे," साहेब म्हणाले. "माल सांभाळणारा एका रेषेत, माल हलवणारा दुसऱ्या आणि माल मोजणारा तिसऱ्या. तिघांचे साहेब वेगळे, देश वेगळे. संगनमत करायचं म्हटलं तरी जमणार नाही. मग उरतो कोण? ज्याच्याकडे किल्ली तो."

"किल्लीवाल्याने एवढा माल एकट्याने नेला कसा?"

"ते तुम्ही लिहून द्यायचं. शुक्रवारी त्याला पोलिसांच्या ताब्यात देतोय. त्याआधी तुमचा अहवाल जोडलेला बरा." ते हसले. "घाई नाही, पण उद्याच हवा."

चोर ठरवून झाला होता. चोरी तेवढी शोधायची राहिली होती.

२

भाऊंना कामावरून दूर ठेवलं होतं, पण ते घरी बसले नव्हते. गोदामाच्या मागच्या पडवीत एका फुटक्या खोक्यापुढे ते मांडी घालून बसले होते आणि दाभणाने त्याचा कोपरा शिवत होते. काळा जाड दोरा, फुलीचे टाके.

"टेप नाही का?" बाईंनी विचारलं.

"आहे की. पण टेप दमट हवेत सुटते. टाका धरून ठेवतो." त्यांनी दात लावून दोरा तोडला. "बसा बाई. तुम्ही विचाराल ते सांगतो. पोरांना मात्र यात ओढू नका. अठरा जण आहेत आणि एकानेही जाळीला हात लावलेला नाही."

"खोकी कुठे आहेत?"

"चाचणीला गेलीत. व्हॉल्व्हच्या आत रबराचा पडदा असतो, तो म्हातारा होतो. म्हणून मधूनमधून सगळी खोकी चाचणीला जातात आणि परत येतात. परत आली की मागोमाग तुमच्या खात्याची मोजणी होते. तीन वर्षं असंच चाललंय. आताची परवा, सोमवारी गेली."

"पाठवा म्हणून कुणी सांगितलं?"

"राखीव समन्वयकाने. तिन्ही गोदामांचा राखीव माल तोच बघतो."

"कागद दाखवा."

"कागद आता कुठले, बाई. पडद्यावर येतं आणि काम झालं की पुसलं जातं. नवी व्यवस्था."

"हा समन्वयक भेटलाय कधी?"

"नाही हो. तो उगवतीच्या गोदामात बसतो. आमची खोकी तिकडूनच तर परत येतात. माणूस सभ्य आहे. कधी दरडावत नाही. 'घाई नाही, पण उद्याच निघायला हवीत,' असं लिहितो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मंगळवारी तुम्ही उगवतीला किंवा मावळतीला फोन का केला नाहीत? त्यांच्याकडचे व्हॉल्व्ह विमानाने आले असते."

भाऊंनी दाभण खोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, "गोदामाने गोदामाशी थेट बोलायचं नाही, समन्वयकाला कळवायचं, असा नियम आहे. मी कळवलं. पुन्हा पुन्हा कळवलं. उत्तर नाही. तिकडे माणूस मरत होता आणि मी इथे नियम पाळत होतो. चोर म्हणतात त्याचं मला एवढं वाटत नाही बाई, याचं वाटतं."

बाईंना त्यांचा राग आला आणि कीवही आली. जागेवर परतून त्यांनी पहिला फोन कंपनीच्या चाचणी प्रयोगशाळेला केला. तिथल्या माणसाने प्रश्न दोनदा ऐकून घेतला.

"तो व्हॉल्व्ह?" तो म्हणाला. "आमच्याकडे आजवर एकही आलेला नाही."

३

"मी खोकं नेते. खोक्यातलं नेत नाही," ट्रान्सपोर्टवाल्या ताई म्हणाल्या.

ताईंची जीभ म्हणजे नुकतीच धार लावलेली कात्री. मधल्या गोदामात येणारा आणि तिथून जाणारा सगळा माल त्यांच्या हाताखालून जायचा. टेबलावर तीन फोन होते आणि तिन्हींवर कुणीतरी वाट बघत होतं.

"सोमवारी जाळीतली खोकी तुमच्याच गाडीतून गेली ना?"

"गेली. 'परतीचा माल' म्हणून गेली. परतीच्या मालात काय आहे ते आम्ही विचारत नाही. सडकं, मोडकं, रिकामं, काय वाटेल ते असतं. तसा हुकूमच आहे."

"म्हणजे भाऊंनी तुम्हाला फसवलं?"

"माझ्या तोंडी शब्द घालू नका. भाऊंशी माझं वैर नाही. असतं तरी उपयोग काय? त्यांच्या साहेबाचा देश वेगळा, माझ्या साहेबाचा वेगळा. आमचं भांडणसुद्धा वरून मंजूर करून आणावं लागतं." एक फोन उचलून त्यांनी "थांब रे" म्हटलं आणि पालथा ठेवला. "हुकूम राखीव समन्वयकाचा होता. त्याला विचारा."

"उगवतीला?"

"उगवतीला कशाला? तो मावळतीला बसतो."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दर खेपेला त्याचा परतीचा माल मी मावळतीच्या गोदामात पाठवते. जिथे माल उतरतो तिथेच मालक असणार ना."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "चाचणी प्रयोगशाळेत नाही? मावळतीच्या गोदामात?"

"एकदाही प्रयोगशाळेत नाही. बघा, आताचीही आज तिथे पोचतील." ताईंचा आवाज जरा उतरला. "अहो, काल मला कुणी विचारलं असतं तर विमान वाटेतून वळवता येत नाही, पण निदान कुठे आहे ते तरी सांगितलं असतं. मला कुणी विचारलंच नाही. मालाच्या आत काय आहे ते मला सांगायचं नाही, आणि माल कुठे आहे ते मी कुणाला सांगायचं नाही. बारभाईची खेती, काय लागेल हाती, असं माझी आजी म्हणायची. तिने ही कंपनी पाहिली नव्हती."

जिना उतरताना बाई हिशेब जुळवत होत्या. भाऊंची खोकी चोरीला गेली नव्हती, मावळतीला गेली होती. मावळतीच्या गोदामाचा स्वतःचा साठा होताच. म्हणजे मधल्याची खोकी वर्षानुवर्षं तिथे जाऊन पडत असतील, तर तिथली जाळी आतापर्यंत फुटायला हवी होती.

४

"तसं काही नाही, मॅडम," नियोजनातला आकडेशास्त्री म्हणाला. "मावळतीला जेवढा साठा हवा तेवढाच आहे. एक जास्त नाही, एक कमी नाही."

हा गडी हुशार होता. तिन्ही खंडांतला माल त्याला पडद्यावर हिरव्या चौकोनांत दिसायचा. त्याने खरा व्हॉल्व्ह कधी हातात घेतला नव्हता आणि तशी वेळ आली नाही याचं त्याला कौतुक होतं.

"मधल्याची खोकी तिथे पोचली तरी तेवढाच?"

"परतीचा माल आकड्यात धरत नाहीत."

"मग मधल्या जाळीतून माल बाहेर गेला तेव्हा इथला आकडा का उतरला नाही?"

"चाचणीला गेलेला माल जाळीत आहे असंच धरायचं. तो परत येणारच असतो ना."

म्हणजे जाताना तो चाचणीचा होता आणि पोचताना परतीचा. दोन्ही नावांनी तो आकड्याबाहेर होता. बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"तीन वर्षांत चाचणीत किती व्हॉल्व्ह बाद झाले?"

"एकही नाही." तो अभिमानाने म्हणाला.

"रबर म्हातारं होतं म्हणून चाचणी, आणि तीन वर्षांत एकही म्हातारा निघाला नाही?"

त्याने मान खाजवली. "हा प्रश्न माझ्या रेषेत येत नाही, मॅडम."

"राखीव साठ्यासाठी नवी खरेदी?"

"नाही. तीच तर या रचनेची कमाल आहे. खरेदी शून्य आणि साठा पूर्ण. मुख्यालयात आराखडेसाहेबांना त्यावर टाळ्या पडल्या होत्या. मी एकदा विचारलं होतं, रुग्णालयांना नेहमीच्या विक्रीत माल कमी पडला तेव्हा राखीवातून उचलला होता, तो भरून काढायचा का? राखीव समन्वयकाचं उत्तर आलं, गरज नाही."

"आणि हा समन्वयक बसतो कुठे? उगवतीला की मावळतीला?"

तो हसला. "इथेच की. आपल्या वरच्या मजल्यावर. नकाशात त्याची चौकट मधल्या गोदामाच्या अगदी डोक्यावर आहे."

बाई वरच्या मजल्यावर गेल्या. ओळीने खोल्या होत्या आणि शेवटच्या दारावर पाटी अडकवलेली होती, राखीव समन्वयक. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दोन मोडके पंखे, गुंडाळलेले जुने नकाशे आणि 'एक कंपनी, एक साखळी' असं छापलेलं कापड पडलं होतं. टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. जमिनीवरच्या धुळीत कधी कुणी पाऊल टाकलेलं दिसत नव्हतं.

५

गुरुवारी सकाळी बाई आपल्या टेबलाशी बसल्या, पण कामाला हात लावला नाही. कारण त्या स्वतःही समन्वयकाला ओळखत होत्या. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

राखीव मालाची मोजणी त्यांच्या खात्याची. तारीख गुप्त ठेवायची, गोदामालाही आधी कळू द्यायची नाही. फक्त एका माणसाला कळवायची, म्हणजे जाळी वेळेवर उघडून मिळते. तो माणूस राखीव समन्वयक. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा, मुख्यालयात खिडकीशी बसणारा कुणी गृहस्थ असेल, असं बाईंनी तीन वर्षं धरलं होतं. त्याच्या नावाची त्यांना कधी गरज पडली नव्हती. हुकूम माणूस देत नसतो, पद देतं. या कंपनीत हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पदावर कोण आहे हे विचारणं अडाणीपणाचं वाटायचं.

आज मावळतीच्या गोदामाची मोजणी होती. तीही आता कॅमेऱ्यातून व्हायची. तिथला गोदामवाला हातात फोन धरून जाळीत फिरायचा आणि इकडे बाईंच्या खात्यातली मुलगी खोकी मोजायची. आज बाईंनी तिला उठवलं आणि स्वतः पडद्यासमोर बसल्या.

लाल पट्टी, लाल पट्टी, लाल पट्टी. सगळी खोकी जागच्या जागी होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "खालच्या फळीवरचं शेवटचं. जवळ घ्या."

कॅमेरा वाकला. खोक्याचा कोपरा फाटलेला होता आणि तो काळ्या जाड दोऱ्याने शिवलेला होता. फुलीचे टाके.

"हे कुणी शिवलं?"

"माहीत नाही," तिकडून गोदामवाला म्हणाला. "चाचणीहून असंच आलं. काल आली सगळी."

"सगळी काल आली? जाळीत याशिवाय आणखी काही आहे?"

"आणखी काय असणार? राखीव माल एवढाच."

बाईंनी पडदा बंद केला आणि नोकरीत पहिल्यांदाच नियम मोडला. त्यांनी समन्वयकाला न कळवता उगवतीच्या गोदामात थेट फोन लावला. तिथला माणूस आधी घाबरला. मग हळूच म्हणाला की त्याचीही जाळी रिकामी आहे, खोकी चाचणीला गेलीत, आणि पुढच्या मोजणीआधी येतीलच, नेहमी येतात.

मोजणी आधी उगवतीला व्हायची, मग मधल्यात, मग मावळतीला, मग पुन्हा उगवतीला. बाईंना आता सगळं दिसलं. तीन साठे नव्हतेच. दोन केव्हाच विकून संपले होते आणि कुणी भरून काढले नव्हते. उरलेला एक तेवढा तिन्ही गोदामांत आलटूनपालटून मुक्कामाला यायचा, मोजणाऱ्याच्या दोन पावलं पुढे. पडद्यावर तीन हिरवे चौकोन होते आणि खरा माल एकाच चौकोनाचा होता. गवंड्याचा श्वास अडकला तेव्हा तो एकच साठा विमानात होता आणि जगातल्या तिन्ही जाळ्या रिकाम्या होत्या.

ही किमया करायला माल बाहेर काढता यायला हवा, गाडी हलवता यायला हवी आणि मोजणीची तारीख माहीत हवी. तिन्ही रेषा वेगळ्या आखल्या होत्या त्या नेमक्या हे होऊ नये म्हणून. भाऊंना तारीख माहीत नव्हती, ताईंना खोक्यातलं माहीत नव्हतं आणि आकडेशास्त्र्याला काहीच माहीत नव्हतं. तिघांना हलवणारा हात एकच होता आणि तो हात ज्या खुर्चीवर टेकायला हवा ती खुर्चीच नव्हती.

६

"समन्वयकाला भेटायचं आहे," बाई काचेच्या खोलीत शिरत म्हणाल्या.

आराखडेसाहेबांनी मान वर केली. "त्या पदावर नेमणूक व्हायची आहे."

"तीन वर्षं?"

"योग्य माणूस मिळत नाही."

"उगवतीला तो बसतो असं भाऊंना वाटतं, मावळतीला बसतो असं ताईंना, आणि नियोजनातला पोरगा म्हणतो वरच्या मजल्यावर. मला वाटायचं मुख्यालयात. साहेब, आम्हा चौघांत माझाच अंदाज बरोबर निघाला." बाई नकाशापाशी गेल्या. "पद रिकामं असलं की त्याचे अधिकार वरच्या चौकटीकडे जातात. हा नियम तुमच्याच पुस्तिकेत पहिल्या पानावर आहे. समन्वयकाच्या वर एकच चौकट आहे. माल सोडण्याचा हुकूम, गाडीचा हुकूम आणि मोजणीची तारीख, सगळं जाऊन पडतं ते तुमच्या टेबलावर. आणि या समन्वयकाला कधीच घाई नसते. फक्त सगळं उद्याच हवं असतं."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी एका पैशाला हात लावलेला नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही चोर असतात तर बरं झालं असतं. चोराला निदान लपावंसं वाटतं."

"तुम्ही भावनेने बोलताय. तीन खंडांत एकाच वेळी गरज लागत नाही, हे मी हिशेब करून पाहिलंय. मग तीन साठे अडकवून ठेवायचे कशाला? इस्पितळांच्या करारात तीन लिहिले आहेत म्हणून तीन दाखवायचे. एक साठा तिघांनी वाटून वापरायचा, यालाच तर जागतिक रचना म्हणतात."

"आणि तो वाटेत असताना कुणाला लागला तर?"

"ते दुर्दैव."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ते दुर्दैव वाटत होतं, गाडी चुकल्यासारखं.

"अहवाल कुणाला देणार आहात?" साहेबांनी मऊपणे विचारलं. "या महिन्यापासून तुमचं खातं जाड रेषेने माझ्याकडे आहे."

"बाहेर देईन. यंत्रांना परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीत."

"जरूर द्या. पण त्यांच्यापुढे दोन कागद असतील. एक तुमचा तर्क आणि एक आरोपीची कबुली. भाऊंनी आज सकाळीच सही केली. माल आपण परस्पर हलवला, वरून हुकूम नव्हता, असं लिहून दिलंय त्यांनी."

बाईंना क्षणभर आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. नजर कुठे ठेवावी कळेना म्हणून ती टेबलावर गेली. तिथे नवा नकाशा उलगडलेला होता, गुळगुळीत कागदावर छापलेला, कोपऱ्यात पुढच्या वर्षाचा आकडा. त्यात उगवतीची चौकट होती आणि मावळतीची होती. मधोमध कोरा कागद होता.

७

गोदामात जेवणाची सुट्टी झाली होती. पोरं मांडण्यांच्या पलीकडे डबे उघडत होती. भाऊ जाळीपाशी एका पेटाऱ्यावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर किल्ल्यांचा जुडगा होता. तो अजून कुणी मागितला नव्हता.

"सही का केलीत?" बाईंनी उभ्याउभ्याच विचारलं. "मी तुम्हाला सोडवलंय, भाऊ. सगळं सापडलंय." त्यांनी सगळं सांगितलं, एकच साठा, तीन जाळ्या, रिकामी चौकट.

भाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर फारसं दिसलं नाही.

"मी शिवलेली खोकी दर खेपेला मलाच परत यायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, चाचणी करून तीच परत करतात. मी जास्त खोलात गेलो नाही. सांगितलेलं करायचं, एवढंच आम्हाला शिकवलं. मग सकाळी साहेब आले."

"इथे?"

"हो. ह्याच पेटाऱ्यावर बसले. बाई, इतक्या वर्षांत वरचा माणूस पहिल्यांदा खाली आला. पोरांनी चहा केला, तो घेतला त्यांनी. म्हणाले, भाऊ, एका माणसाने जबाबदारी घेतली तर बाकीचं निभावेल. पोलीस नाहीत, तुम्ही लवकर निवृत्त व्हा. नाहीतर मुख्यालय चिडेल आणि मधलं गोदामच बंद करेल. सही केलीत तर गोदाम चालू राहील, हा माझा शब्द." त्यांनी किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "अठरा घरं आहेत. माझं काय, मी तरी किती दिवस राहणार होतो?"

"गवंड्याचा मृत्यू तुमच्या नावावर लागेल. त्याच्या मुली मोठ्या होऊन तुमचं नाव घेतील."

"घेऊ देत. मी नियम पाळत बसलो होतो, हे तर खरंच आहे ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक म्हणतात. इथे संन्यासी स्वतःच्या पायाने चालत गेला होता. बाईंना आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती न सांगता परत फिरावं असं त्यांना फार वाटलं. नोकरीभर त्यांनी लोकांच्या चुका बाहेर काढल्या होत्या, पण कुणाचा चांगुलपणा फुकट गेला हे सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"भाऊ, साहेबांच्या टेबलावर पुढच्या वर्षीचा नकाशा आहे. त्यात मधलं गोदाम नाही."

पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. भाऊ जाळीकडे बघत होते.

"हाताने काढलेला आहे की छापलेला?"

"छापलेला."

"म्हणजे ते इथे येऊन बसले तेव्हा—"

"तेव्हा तो छापून झाला होता."

भाऊंनी मान हलवली. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा. त्यांचा राग बाहेर येईल म्हणून बाई वाट बघत राहिल्या, पण तो आला नाही. आला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"उद्या कचेरीत तुमच्याबरोबर येतो," भाऊ शेवटी म्हणाले. "सही माझी आणि मजकूर त्यांचा, असं सांगतो. त्या मुलींसाठी तेवढं करायला हवं. पण त्याने गोदाम वाचणार नाही ना?"

"नाही."

"नाहीच?"

"नाही, भाऊ."

"मग आज पोरांना सांगू नका. जेवताहेत."

तेवढ्यात पलीकडून हाक आली, भाऊ, चला की, तुमच्यासाठी थांबलोय. भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले, किल्ल्या खिशात टाकल्या आणि पोरांमध्ये जाऊन बसले. बाई मांडणीच्या आडोशाला तशाच उभ्या राहिल्या. एकाने सरकून भाऊंना जागा केली आणि सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न विचारला, सकाळी साहेब काय म्हणाले?

"गोदाम चालू राहील म्हणाले," भाऊ म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.